चार वाईन आणि मायचं नाक

आधी मुदखेडच्या मावशींचं सांगते, मग माझं. कारण माझं जे काही बरं झालं, त्यातलं निम्मं त्यांनी केलं आणि उरलेलं निम्मं त्यांनी मला करायला लावलं.

मावशी नात्यातल्या नव्हेत. नाशिककडच्या एका वायनरीत, म्हणजे द्राक्षांची वाईन करतात त्या कारखान्यात, त्या स्वयंपाकाला आहेत. मुदखेड रेल्वे जंक्शनचं गाव, त्यामुळे जगातल्या सगळ्या वाटा मुदखेडवरूनच जातात अशी त्यांची समजूत आहे. मी चाकूरजवळच्या एका खेड्यातली. घरापासून इतक्या लांब 'लई' आणि 'न्हाई' म्हणणारं माणूस भेटलं, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर रडले. त्या म्हणाल्या, "रड की. पण भाकरी गार होऊन राहिली."

माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. गणिताच्या सरांनी फळ्याकडे बोलावलं की माझ्या हातातला खडू ओला व्हायचा. एक दिवस मी फळ्याऐवजी दाराकडे गेले आणि परत गेलेच नाही. पुढे द्राक्षं पॅक करायच्या कामाला नाशिककडे आले, तिथून वायनरीत ग्लास धुवायला.

ग्लास धुताना मी ते हुंगायची. घाबरट माणसाची सवय असते. दूध तापवायच्या आधी हुंगायचं, गॅस बंद केल्यावर हुंगायचं. एकदा साहेबांनी, म्हणजे आमच्याकडे वाईन बनवणाऱ्या मुख्य माणसानं, ठेवलेला ग्लास हुंगून मी मावशींना हळूच म्हणाले, "ह्याला रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याच्या पाण्याचा वास येऊन राहिला."

मावशींनी ऐकलं, भाताचं पातेलं उचललं आणि वाढता वाढता साहेबांना सांगून टाकलं, "साहेब, ही पोरगी म्हणते तुमची टाकी नासली."

मी असं म्हटलंच नव्हतं. मी मोरीमागं जाऊन उभी राहिले. पण साहेब हातातला घास ठेवून टाकीकडे गेले, अर्ध्या तासानं परत आले आणि म्हणाले, "नासली नाही, पण नासायच्या बेतात होती. कोण ती मुलगी?"

अशी मी चव घेणाऱ्यांच्या टेबलाला बसले. तिथं साहेबांनी एक छापील कागद दिला. कुठल्या वाईनला कसला वास, याची यादी होती. लिची, पीच, गुजबेरी, ब्लॅककरंट. त्यातलं एकही फळ मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मी सगळं पाठ केलं. न समजता पाठ करणं मला शाळेपासून येत होतं. पण मावशींनी कागद काढून घेतला आणि त्यावर लसणाची सालं टाकली.

"न बघितलेल्या फळाची साक्ष कामून देतीस? आपल्याकडचं बोल."

मग रोज दुपारी माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधून त्या एकेक डबा नाकाखाली धरायच्या. मिरी, बडीशेप, चिंच, जवस, पेरू, ओली वैरण, एकदा तर ड्रायव्हरचा मोजासुद्धा. त्यांना स्वतःला काही कळायचं नाही. मिश्रीनं आणि चुलीच्या धुरानं त्यांचं नाक कधीच गेलंय. "मला गुलाब अन् ओलं लाकूड एकच," असं त्या कौतुकानं सांगतात. डब्यात काय आहे ते बघून त्या मला बरोबर किंवा चूक सांगायच्या. अशी मास्तरीण मला नववीपर्यंत मिळाली असती तर मी दहावी झाले असते.

आता भीतीचं सांगते.

आम्ही बौद्ध. माझी माय दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाते आणि पंचशील घेते. पाचवं शील असं, की नशा आणणारं काही घेणार नाही. आमच्या घरात ते नुसतं म्हणायचं नाही, पाळायचं. चुलत्याच्या लग्नात कोणी बाटली आणली तेव्हा मायनं ताट सोडून मांडवातून उठून जायची हिंमत दाखवलेली आहे. आणि तिची लेक दिवसाला वीस वाईन तोंडात घेत होती.

मी एक थेंब गिळत नव्हते. चव घेणारे सगळेच बादलीत थुंकतात, नाहीतर दुपारपर्यंत कोण सरळ बसेल? पण साहेब कधीमधी एखादा घोट गिळायचे. मी तेही नाही. तोंडात फिरवायची, थुंकायची, पाण्यानं चूळ भरायची, आणि रात्री निजताना एखादा थेंब चुकून गेला असेल का म्हणून घाबरायची. घरी मात्र मी सांगितलं होतं, "द्राक्षाच्या फॅक्टरीत हाय." हे खरंच होतं. द्राक्षाचं पुढे काय होतं हे मायनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मावशीही फोनवर मायला सांगायच्या, "फॅक्टरी लई स्वच्छ हाय बघा ताई." तेही खरंच होतं. अशी आमची चार वर्षं खरं बोलण्यात गेली.

मायला कळलं आणि ती 'घरी ये' म्हणाली, तर मी जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. मायला नाही म्हणायला मी शिकलेलीच नाही. म्हणून साहेब जेव्हा म्हणाले, "या उन्हाळ्यात नांदेडला आणि लातूरला कार्यक्रम आहेत, तू चल, तिथली माणसं तुझी," तेव्हा मला परत दाराकडे जावंसं वाटलं. लातूर म्हणजे आमच्या घरापासून एसटीनं तासाभराचं.

नांदेडला साहेब बरोबर होते. एका हॉटेलात पन्नासेक माणसं, बहुतेक डॉक्टर आणि व्यापारी. साहेबांनी प्रत्येक टेबलावर थुंकायची छोटी बादली ठेवली आणि समजावलं. पुढच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पाहुणचाराला दिलेलं यजमानासमोर थुंकायचं? आम्हाला जमणार न्हाई साहेब." सगळ्यांनी माना डोलावल्या. बादलीत कोणी गुलदस्त्यातली सुकलेली फुलं टाकली, कोणी शेंगदाण्याची टरफलं. तिसऱ्या वाईनपर्यंत सभागृह एकमेकांना 'भाऊ' म्हणू लागलं. चौथीचं वर्णन साहेबांनी काय केलं ते कोणाच्या कानापर्यंत पोचलं नाही.

घोळ माझ्याकडून वेगळाच झाला. बाहेर ऊन असं, की बाटल्या ठेवलेल्या खोलीचा एसी बंद पडला तर सगळं संपलं. म्हणून मी रात्रभर त्या गार खोलीतच खोकी लावून झोपले. बाटल्या छान राहिल्या. सकाळी माझं नाक बंद. एका नाकपुडीनं शीळ वाजायची, दुसरीनं तेही नाही.

त्यात साहेबांना तातडीनं हैदराबादला जावं लागलं. जाता जाता म्हणाले, "लातूर तू कर. चारच वाईन आहेत. बाटली उघडली की आधी वास घे, बिघडलेली असेल तर बाजूला ठेव, मग पाहुण्यांना सांग." मी 'हाव' म्हणाले. नाक बंद आहे हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी गेली.

नांदेडहून लातूरला येताना टेम्पोत मी अहमदपूरपर्यंत रडले. मावशी पदार्थ करायला बरोबर होत्याच. त्यांनी मला मिरी दिली, लिंबू दिलं, गरम पाणी दिलं. चाकूर गेलं तेव्हा मी सीटखाली वाकले, कोणी ओळखीचं बघायला नको. मावशी खिडकीबाहेर बघत कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या. "हाव ताई. तुमच्या घरावरूनच चाललोत. या की."

मला वाटलं त्यांची कोणी पाहुणी असेल.

लातूरच्या हॉटेलात दुपारी चारला मी टेबलांवर ग्लास मांडत होते आणि दारात माय उभी. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. मी ग्लास लपवायला पुढे झाले, पण दोनशे ग्लास कुठं लपणार?

मी मावशींकडे वळून दात ओठ खात म्हणाले, "कामून बोलावलं?"

त्या धपाटे थापत होत्या. "तुला नाक पाहिजे होतं ना? जिथून आलं तिथूनच मागवलं."

माय पुढे आली. पिशवीतून ओव्याची पुरचुंडी काढली, तव्यावर गरम करून आणायला मावशींकडे दिली. मग बाटल्यांच्या रांगेकडे बघितलं.

"हा द्राक्षाचा रस?"

"हाव."

"नासवलेला?"

"...हाव."

"तू पितीस?"

"न्हाई माय. थुंकते."

"सगळं?"

"सगळं."

"रोज?"

"रोज."

ती खुर्चीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "म्हणजे पगार थुंकायचा मिळतो?"

मावशी आत तव्यापाशी हसल्या. मी हसले नाही, कारण माय हसली नव्हती.

"पाचवं शील पाळलंस," ती म्हणाली, "पण चौथं मोडलंस. चार वर्षं रोज."

चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही. चार वर्षं मी पाचव्याच्या भीतीनं थुंकत होते आणि चौथ्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी म्हणाले, "खोटं न्हाई बोलले, अर्धं बोलले." मायनं माझ्याकडे असं बघितलं, की फळ्यासमोरचा गणिताचा तासही त्यापुढं बरा.

मावशी ओव्याची गरम पुरचुंडी घेऊन आल्या आणि मधे पडल्या. "ताई, तिला रागवायला उद्याचा दिवस हाय. आता सहाला माणसं येणार. हिचं नाक बंद. तुम्ही आतल्या पडद्यामागं बसा, बाटली हुंगा, कानात सांगा. ही बाहेर बोलंल. प्यायचं न्हाई, नुसतं हुंगायचं. हुंगायचं कोणतं शील हाय का?"

मायनं विचार केला. ती गावच्या शाळेत खिचडी शिजवते. तांदळाचं पोतं उघडलं की आधी आत डोकं घालून हुंगते, आणि तिनं नाक मुरडलं तर मुख्याध्यापकसुद्धा ते पोतं परत पाठवतात. हुंगणं तिला पाप वाटत नव्हतं, काम वाटत होतं.

"हुंगीन," ती म्हणाली. "पण पडद्यामागं न्हाई. माझ्या नाकाचं हिनं स्वतःचं म्हणून सांगितलं तर परत चौथं मोडलं."

"मग?"

"मग समोर बसीन."

मी म्हणाले, माणसं हसतील, साहेबांना कळेल, मला काढतील. माय म्हणाली, "काढलं तर घर हाय." मला नेमकं त्याचंच भ्या होतं.

सहाला माणसं आली. डॉक्टर, त्यांच्या बायका, डाळ मिलवाले, क्लासवाले. पुढच्याच टेबलावर एक सर होते, गणिताचा मोठा क्लास चालवणारे. हे मला ओळख करून देताना सांगितलं गेलं आणि माझ्या हातातला रुमाल ओला झाला. मी उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं, "नमस्कार. माझं नाक सर्दीनं बंद आहे. मला आंबट, गोड, कडू, तुरट कळतं, वास कळत नाही. म्हणून वास आज माझी आई घेणार आहे. ती वाईन पीत नाही. चव मी सांगेन."

कोणी हसलं नाही. ते लातूर होतं, तिथं शिकवायला कोणीही उभं राहिलं की माणसं सवयीनं गप्प बसतात.

पहिली पांढरी, सोविन्यो ब्लां. मायनं पदर खोचला, ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले. "हिरवी मिरची देठापाशी मोडली की येतो तो. अन् कैरीचं साल." मी एक घोट तोंडात फिरवला, बादलीत थुंकला आणि म्हणाले, "आंबट. कैरीचीच आंबट." सगळ्यांनी ग्लास नाकाशी नेले. एक बाई ओरडल्या, "अगं बाई, मिरचीच!"

दुसरी पांढरी, शेनिन ब्लां. माय हुंगताच हसली, दुपारपासून पहिल्यांदा. "पिकल्या पेरूची पिशवी एसटीत कोणी वर ठेवली की अख्ख्या गाडीला कळतं ना, तसं." हॉल हसला. प्रत्येकाने त्या एसटीतून प्रवास केलेला होता. मी चव सांगितली, थोडी गोड, शेवटी लिंबाच्या बीसारखी किंचित कडू. मागून कोणी तरी विचारलं, "आई, तुम्ही न पिता ओळखता कसं?" माय म्हणाली, "खिचडीचा तांदूळ मी कच्चा खाऊन बघत न्हाई बाबा."

मग लाल. पहिली शिराझ. "जांभळं. पण बाजारातली न्हाईत. झाडाखाली पडून उन्हानं फुटलेली. अन् शेजारी कोणी मिरी भरडून राहिलंय." मी म्हणाले, "तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तेवढी." लोक जिभा दाखवून जांभळ्या झाल्या का बघू लागले. बायांनी मावशींकडे शेंगदाण्याची चटणी परत मागितली. मला एकदम वाटलं, हे जमतंय. आणि मला असं वाटलं की काहीतरी बिघडतंच.

शेवटची लाल, कॅबर्ने. तिला बुचाची बाटली असते. पुढच्या टेबलावरचे गणिताचे सर म्हणाले, "ओता की मॅडम, आम्ही केव्हाचे थांबलोय." सर 'मॅडम' म्हणाले त्यानं मी अशी गांगरले, की मायकडे न नेता बाटली थेट त्यांच्याच टेबलावरच्या ग्लासांत ओतून टाकली. सरांनी ग्लास फिरवला, घोट घेतला, मान मागं टाकली.

"वा! आज जर काही उत्तम असेल तर ही. मातीचा वास. जुनी, खोल, अस्सल. बाकीच्या तीन बालवाडी होत्या."

त्यांच्या टेबलावरच्या सगळ्यांनी 'वा' केलं. मी उरलेला ग्लास मायपुढं नेला. तिनं नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"भिजलेलं गोणपाट," माय म्हणाली. मोठ्यानं. तिला हळू बोलता येत नाही, शाळेत वाढायची सवय. "बिघडलीय ही. देऊ नको कोणाला."

मी सरांकडे बघितलं, सर मायकडे. मला फळ्यावरचं चुकलेलं उत्तर पुसायला धावावंसं वाटलं. बाई, 'नाही नाही, सरांचं बरोबर आहे' असं म्हण, आणि संपव, असं मन सांगत होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण माय बघत होती आणि चौथं शील अजून कानात होतं.

"आईचं बरोबर आहे," मी म्हणाले. "बूच बिघडलं की असा ओल्या पोत्याचा वास लागतो. विषारी नाही, पण वाईन मेलेली असते. आधी आईकडे न नेता ओतली ही माझी चूक. मी दुसरी उघडते."

सर म्हणाले, "तुमचं शिक्षण काय?"

"नववी."

मी दार कुठं आहे ते बघून ठेवलं. तेवढ्यात सरांच्या शेजारचे डाळ मिलवाले उठले. त्यांनी सरांचा ग्लास उचलला, नाकाशी धरला, आणि पोट धरून हसायला लागले. "अहो सर! पोतं! तुरीचं पोतं पावसात भिजल्यावर माझ्या गोदामात हाच वास! तीस वर्षं नाकात बसलाय माझ्या!"

ग्लास टेबलाटेबलावर फिरला. ज्याच्या घरी डाळीचा धंदा होता तो प्रत्येक जण 'पोतं' म्हणाला, आणि लातुरात तसं घर नसलेला माणूस विरळा. शेवटी ग्लास सरांकडे परत आला. त्यांनी पुन्हा हुंगला, सावकाश. माणूस बरा होता. म्हणाले, "पोतंच आहे. आई, माझं उत्तर चुकलं."

"चालतंय," माय म्हणाली. "पोरं बी चुकत्यात."

मी दुसरी बाटली उघडून आधी मायकडे नेली. ती बराच वेळ हुंगत राहिली. "करवंदं हायत. अन्... शाळेत पोरं पेन्सिलीला टोक काढत्यात बघ, तो वास." सरांनी घोट घेतला आणि हात वर केला, अगदी वर्गातल्यासारखा. "पेन्सिल. बरोबर." नऊ वर्षांच्या शाळेत मला कोणत्याही गणिताच्या सरांनी बरोबर म्हटलं नव्हतं. हेही मला नाही, मायला म्हटलं. तरी मी ते अर्धं घेतलं. ते चौथं शील मोडणं असेल तर असो.

माणसं गेल्यावर आम्ही तिघी उरलेले धपाटे खायला बसलो. मी वाट बघत होते. मायनं जेवण संपवलं, हात धुतला, ओव्याची पुरचुंडी माझ्या नाकाला लावली.

"जा कामाला," ती म्हणाली.

"खरंच?"

"तू पाच माणसांसमोर बोलत नव्हतीस. आज खरं बोललीस, समोर सर असून. पण एक. गावात कोणी विचारलं की काय करतीस, तर आता मी सांगणार न्हाई. तू सांगायचं. पुढच्या पौर्णिमेला विहारात, सगळ्यांसमोर. पिते न्हाई, थुंकते, हे बी."

मी हाव म्हणाले आणि लगेच त्या पौर्णिमेची भीती सुरू झाली. ती झाली एकदाची. विहारात एका आजीनं विचारलं, "मग तुला रात्री झोप लागती का गं?" मी म्हणाले, "आधी लागत नव्हती." आणि माय फोन उचलला की हल्ली आधी विचारते, "आज काय हुंगलं?" मी सांगते, ती म्हणते, "न्हाई, ते फणस असंल. परत हुंग."

साहेबांना सगळं मावशींनीच सांगितलं. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुमचे उपकार मी कसे फेडू?" त्या म्हणाल्या, "फेडू नको, भांडी घास." मी घासली. पण ते फेडणं नव्हे, मला कळतं.

मावशींनी इतक्या वर्षांत हजारो ग्लासांच्या बाजूला धपाटे ठेवले, पण समोरच्या खुर्चीत त्या कधी बसलेल्या नाहीत. एक दिवस मी त्यांना तिथं बसवणार आहे, पाहुणी म्हणून. चार ग्लास ओळीनं मांडीन, ताजी भाकरी मी करीन, आणि वास त्यांना येत नाही तर प्रत्येक ग्लासाचा वास त्यांना मी सांगीन, मुदखेडच्या भाषेत, इतका नीट, की त्यांना तो आठवावा. लाकूड आणि गुलाब वेगळे असतात हे त्यांना परत कळेपर्यंत सांगीन. हे मी इथं लिहून ठेवते. लिहिलेलं मोडलं तर परत चौथंच.